बाटलीत न आलेले खडे

तळहातांना आणि तळपायांना खाज सुटली तेव्हा मी आधी भांड्यांचा साबण बदलला, मग कपड्यांचा. दिवसा खाज बेताची असायची, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जोर करायची. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, आणि खाजवून खाजवून पोटऱ्यांवर ओरखडे. त्याच सुमारास लघवी गर्द तपकिरी व्हायला लागली आणि शौचाचा रंग मात्र उतरत उतरत मातकट, पांढुरका झाला. असल्या गोष्टी बोलायच्या कुणाशी? मी वाईत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. तिथे एका विद्यार्थिनीनं पुस्तक परत देता देता माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे डोळे पिवळे दिसतायत."

दुखणं त्याच्या आधीचं. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे मोठी जत्रा असते, त्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांचा राबता. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप. रात्री बरगड्यांच्या खाली, मध्यावर आणि जरा उजवीकडे, कळ आली. ती मागे उजव्या फऱ्यापर्यंत जायची. मुरड्यासारखी येऊन जाऊन नाही. एकदा चढली की तास-दोन तास तशीच ठाण मांडून. ओवा झाला, सोडा झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. बगाडाच्या गडबडीत तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

डोळ्यांचं ऐकल्यावर संध्याकाळीच आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खालची पापणी ओढून बघितली, पोट दाबलं आणि रक्त द्यायला लावलं. एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या तपासणीचा, कागद आला: बिलिरुबिन, पित्तातला पिवळा रंग, ६.८. एरवी ते १.२च्या आत असतं. त्यातलं 'डायरेक्ट' म्हणतात ते, यकृतानं पित्तात सोडण्यासाठी तयार केलेलं, ५.४. पित्त अडलं की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज चांगलंच चढलेलं, यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एसजीपीटी त्या मानानं साधारण. डॉक्टर कागद खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, ही विषाणूची कावीळ वाटत नाही. यकृत पित्त करतंय, पण ते पुढे जात नाहीये. कुठंतरी अडलंय."

त्या एका वाक्यानं माझी सगळी लक्षणं ओळीनं लागली. शौचाला रंग येतो तो पित्तामुळे. ते आतड्यात उतरेना, म्हणून शौच पांढुरकं. अडलेलं पित्त मागे रक्तात जातं आणि लघवीतून बाहेर पडतं, म्हणून ती तपकिरी. आणि रक्तात साठलेल्या पित्तातल्या घटकांनीच रात्रीची ती खाज. साबणाचा काही दोष नव्हता.

पण कावीळ हा शब्द घराबाहेर पडला की त्यावर आपला ताबा राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरच्या मावशी पत्ता घेऊन उभ्या. एका गावात काड्यांची माळ घालतात. ती डोक्यावर ठेवायची, वाढत वाढत गळ्यात येते, पुढे कमरेपर्यंत उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. दुसरीकडे नाकात थेंब टाकतात, मग नाकातून पिवळं पाणी गळतं. तिसरीकडे चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतात. मी यांना हसत नाही. माझ्या माहेरी दोन चुलतभावांना लहानपणी माळ घातली होती आणि दोघंही ठणठणीत झाले. त्यांना झाली होती ती दूषित पाण्यातून होणारी कावीळ. ती बहुतेकांची विश्रांतीनं काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि तोपर्यंत काड्या सुकून, दोरा सैल पडून माळही लांबलेली असते. अडथळ्याच्या काविळीत मात्र माळ घोट्यापर्यंत आली तरी खडा जागचा हलणार नाही. नाकातल्या थेंबांची मला खरंच भीती वाटते. त्यानं नाकाची आतली त्वचा भाजून निघते आणि ते पिवळं पाणी म्हणजे तिथलाच स्राव असतो.

शेजारचे काका पानफुटीची पानं घेऊन आले. सोबत कुळथाच्या कढणाची कृती. त्यांचा मुतखडा त्यानं पडला होता. मुतखडा मूत्रमार्गात असतो, आपण पाणी प्यालं की ते तिथून वाहतं, लहान खडा त्याच्याबरोबर वाहून जाऊ शकतो. पित्तनलिकेत आपण प्यायलेलं पाणी जातच नाही. तिथे फक्त यकृतातून आलेलं पित्त वाहतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्यायला काय जातंय?" आणि पानं ठेवून गेले. कुळथाचं कढण मी प्याले. ते मला आवडतं.

सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे निघाले आणि मुख्य पित्तनलिका ११ मिलिमीटर रुंद झालेली. ती साधारण ६-७ मिलिमीटरच्या आत असायला हवी. नळीतला खडा मात्र दिसला नाही. नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमागे दडतं, म्हणून सोनोग्राफीत तिथले खडे पुष्कळदा निसटतात. "नळी फुगलीय म्हणजे खाली काहीतरी असणारच," रेडिऑलॉजिस्ट म्हणाले. खडाच असेल असं नाही, या वयात दुसरंही काही असू शकतं, हे त्यांनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. मला कळू नये म्हणून. मी पडद्याच्या अलीकडेच होते.

मग साताऱ्याला एमआरसीपी. हा एमआरआयचाच प्रकार, पण यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी यांच्यासाठी. काही तास उपाशी राहायचं. अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना. जोडवी तीस वर्षं निघाली नव्हती, साबणाचं पाणी लावून काढली. त्या बोगद्यात खडखडाट एवढा असतो की कानाला हेडफोन लावूनही तो आत येतो, आणि मधून मधून आवाज येतो, "श्वास घ्या... रोखा... सोडा." यात साठलेला द्रव पांढरा शुभ्र उमटतो. चित्रात माझ्या पित्तनलिकेची पांढरी रेघ खाली उतरत होती आणि तळाशी तिच्यात दोन काळी भोकं होती. तेच खडे. मोठा ९ मिलिमीटरचा. दुसरं काही नव्हतं. नवऱ्यानं त्या दिवशी साताऱ्यातनं कंदी पेढे घेतले आणि मला खायला दिले नाहीत.

त्याच रात्री थंडी वाजून ताप भरला. एप्रिलचा उकाडा, आणि मी दोन गोधड्यांखाली दात वाजवतेय. पोटात दुखणं, कावीळ आणि हुडहुडीचा ताप ही तीन लक्षणं एकत्र आली की पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याचं धरतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ साली हे त्रिकूट नोंदवून ठेवलंय आणि आजही वॉर्डात त्यांच्याच नावानं ते ओळखतात. अडलेल्या पित्तात जंतू वाढले की ते थेट रक्तात जातात. मग थांबायला वेळ नसतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी रात्रीच इंजेक्शन दिलं आणि पहाटे पुण्याला निघा म्हणाले. सुरूर फाटा, बोगदा, शिरवळ, सगळा रस्ता मी डोळे मिटून होते.

पुण्यातले पोटविकारतज्ज्ञ तरुण होते, इंदापूरकडचे. त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या पाकिटावर चित्र काढलं. यकृतातून निघालेली नळी; तिला बाजूनं जोडलेली पित्ताशयाची पिशवी; खाली लहान आतड्याच्या पहिल्या भागात उघडणारं एक बारीकसं तोंड, आणि त्याच तोंडाशी येऊन मिळणारी स्वादुपिंडाची नळी. "खडे तयार होतात पिशवीत. त्यातला एखादा घसरून नळीत येतो आणि तोंडाशी अडकतो. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की आपण शेत खणत नाही ना? शेवटची बूच काढतो आणि नळी धुतो. तसंच." नवऱ्याला हे एकदम पटलं. पित्ताशयात खडे असणाऱ्या शंभर जणांतल्या दहा ते वीस जणांच्या नळीतही ते सापडतात, असं ते म्हणाले.

म्हणजे कामं दोन होती. आधी नळी मोकळी करायची, तोंडातून दुर्बीण घालून: ईआरसीपी. पोटाला चिरा नाही, टाका नाही. मग खडे बनवणारी पिशवी काढायची, ती पोटाला भोकं पाडून, दुर्बिणीनंच: 'लॅप कोले'. काही ठिकाणी दोन्ही एकाच वेळी पोटातून करतात, पण ताप आलेला असताना आधी नळी रिकामी करणं हेच शहाणपणाचं. नातेवाइकांना समजावताना मला सगळ्यात जड गेलं ते हेच. "एवढं आत गेलेच होते तर पिशवी पण का नाही काढली?" हा प्रश्न मी किती जणांकडून ऐकला! दुर्बीण आतड्याच्या आतून येते; पिशवी आतड्याच्या बाहेर, यकृताला चिकटलेली. त्या वाटेनं जाऊन ती काढता येत नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण होत्या माझ्या सासूबाई. त्यांचंही हेच दुखणं झालेलं, १९८४ साली. उजव्या बरगडीखालून तिरपा, वीतभर लांब चिरा. नळी उघडून खडे काढले, आणि नळीत इंग्रजी 'टी'च्या आकाराची रबरी नळी ठेवली, तिचं टोक पोटातून बाहेर, त्याला बाटली. रोज बाटलीत किती पित्त आलं ते मोजायचं. पुढे त्या नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला, खडा उरला नाही याची खात्री केली, तेव्हा ती ओढून काढली. सासूबाई पंधरवड्याहून जास्त दवाखान्यात होत्या. आणि निघताना सर्जननं त्यांना काचेच्या छोट्या बाटलीत त्यांचे खडे दिले. ती बाटली अजून त्यांच्या फडताळात, हळकुंडाच्या डब्यामागे असते. आलेल्या-गेलेल्याला दाखवतात.

गंमत म्हणजे त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ईआरसीपी जगात होती. १९६८ साली वॉशिंग्टनमध्ये मॅक्यून यांनी दुर्बिणीतून त्या बारीक तोंडात पहिल्यांदा नळी घातली. १९७४ साली जपानमध्ये कावाई आणि जर्मनीत क्लासेन आणि डेम्लिंग यांनी, एकमेकांपासून दूर, ते तोंड दुर्बिणीतूनच कापून खडे काढायची वाट मोकळी केली. आमच्याकडच्या साध्या माणसाच्या वाट्याला ती यायला मात्र बराच काळ जावा लागला.

संमतीपत्र वाचून सही करायची माझी सवय ग्रंथालयातली. तिथल्या सिस्टरांना ती फारशी आवडली नाही, पण डॉक्टर बसले आणि एकेक मुद्दा बोलले. सगळ्यात महत्त्वाचा धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. शंभरात तीन ते दहा जणांना ती येते, बहुतेकांची सौम्य असते, थोड्यांची गंभीर. दोन्ही नळ्या एकाच तोंडाशी येतात, त्यामुळे पित्ताची वाट शोधताना स्वादुपिंडाच्या नळीला धक्का लागू शकतो. सूज टाळायला गुदद्वारातून एक गोळी देतात, इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅक. एवढ्या मोठ्या यंत्रसामग्रीत उपयोगाची निघालेली ही इतकी स्वस्त गोष्ट मला आवडली. शिवाय कापलेल्या जागी रक्तस्राव शंभरात एखाद्याला, आतड्याला छिद्र त्याहून कमी जणांना, आणि कधी कधी नळीत शिरताच येत नाही, मग पुन्हा करावं लागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायच्या, मला नव्हत्या. पण माझं रक्त गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. पित्त आतड्यात नसलं की आहारातलं के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठवणारे घटक कमी पडतात. के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन ते जाग्यावर आणलं.

दुसरीकडे विम्याचं. कॅशलेसच्या खिडकीवरून कंपनीचा प्रश्न आला, एकाच आजाराला दोन प्रक्रिया का? डॉक्टरांनी पत्र दिलं, पुन्हा प्रश्न आला. नवऱ्यानं शेवटी ते पाकिटावरचं चित्र झेरॉक्स करून जोडलं. ते मान्य झालं की पत्र मान्य झालं, देव जाणे.

त्या दिवशी सकाळपासून पाणीही नाही. खोलीच्या पाटीवर 'एनबीएम', म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. हातात सलाईनची सुई, अंगात मागून बंद बांधायचा झगा. ईआरसीपीची खोली निम्मी एक्स-रेची आणि निम्मी दुर्बिणीची असते. आतले सगळे शिशाचे जड अॅप्रन घालून वावरत होते. "मावशी, दात पक्के आहेत ना?" असं विचारून एकानं तोंडात प्लॅस्टिकची कडी अडकवली, दुर्बीण चावली जाऊ नये म्हणून. मला मावशी म्हणणारा तो मुलगा माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असावा. घशात कडू फवारा मारला. मग पालथं झोपायला सांगितलं, मान उजवीकडे वळवून. भूलतज्ज्ञ बाईंनी सुईतून पांढरं औषध सोडलं आणि म्हणाल्या, "वाईची कृष्णाबाई आठवा." मी घाट आठवायला सुरुवात केली. त्यापुढचं मला काही ठाऊक नाही.

जे झालं ते नंतर अहवालातून आणि डॉक्टरांकडून कळलं, आणि मला ते सगळं प्रकरणच विलक्षण वाटतं. नेहमीच्या दुर्बिणीचा डोळा समोर असतो. हिचा बाजूला असतो, कारण ते तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर आहे. अन्ननलिका, जठर, मग आतडं, आणि भिंतीवर एक छोटा उंचवटा. त्याला व्हाटरचा उंचवटा म्हणतात, आणि भोवतीच्या स्नायूला ओडीचा स्नायू. दोन्ही नावं शरीररचनाकारांची. त्या उंचवट्याच्या छिद्रातून आधी एक बारीक तार वर पित्तनलिकेत सरकवतात. तारेवरून नळी, नळीतून एक्स-रेत दिसणारं औषध, आणि पडद्यावर खडे उमटतात. मग विजेवर चालणाऱ्या बारीक तारेनं स्नायू थोडा कापतात, म्हणजे तोंड रुंद होतं. खड्याच्या वर एक फुगा नेऊन फुगवतात आणि खाली ओढतात, की खडा त्याच्यापुढे सरकत सरकत आतड्यात पडतो. मोठा खडा सहज येत नसेल तर तारांची टोपली आत उघडून त्यात धरतात. तिला डॉर्मियाची टोपली म्हणतात. हे डॉर्मिया इटलीतले, आणि टोपली त्यांनी मुळात मूत्रवाहिनीतल्या खड्यांसाठी केलेली. म्हणजे शेजारच्या काकांचं नातं कुठंतरी होतंच. १५ मिलिमीटरच्या पुढचे खडे पुष्कळदा आतच चिरडावे लागतात, आणि आता मोठ्या केंद्रांत नळीच्या आत आणखी एक बारीक दुर्बीण घालून लेसरनं फोडतातही. माझे फुग्यानंच आले. पाठोपाठ गढूळ पित्त आणि पू. शेवटी नळीत प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवला, १० फ्रेंचचा. फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, तेव्हा साधारण ३.३ मिलिमीटर जाड. दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटासारखी वळी असते, म्हणजे तो घसरत नाही. सगळं पाऊण तासात.

जाग आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा, पोट फुगलेलं. पहिले काही तास ते तुमच्याकडे फक्त एकाच कारणासाठी बघतात: पोट दुखतंय का, पाठीत कळ जातेय का, उलटी होतेय का. माझं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढतं ते, किंचित वाढलं होतं, दुखत नव्हतं. संध्याकाळी घोट घोट पाणी, सकाळी नारळपाणी, मग पेज.

शेजारच्या खाटेवरच्या आजींचं तसं झालं नाही. त्यांची तीच प्रक्रिया, त्याच सकाळी, त्याच हातांनी. रात्री त्यांना कळ सुरू झाली, सूज आली स्वादुपिंडाला. मी घरी निघाले तेव्हाही त्या सलाईनवर होत्या, तोंडानं पाणी नुकतंच सुरू झालं होतं. चिरा नाही म्हणून ही क्षुल्लक गोष्ट, असं कुणी म्हणालं की मला त्या आठवतात. त्या पुढे बऱ्या होऊन गेल्या, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं.

खाज दोन रात्रींत कमी झाली. ती जाण्याचं सुख सांगून कळायचं नाही. लघवी निवळली. डोळ्यांचा पिवळेपणा मात्र सावकाश गेला. बिलिरुबिन एकदम खाली येत नाही, पायरी पायरीनं उतरतं.

सासूबाई नणंदेबरोबर बघायला आल्या. झगा वर करून पोट बघितलं. कुठंच काही नाही. "खडे कुठायत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आतड्यात पडले, शौचावाटे जातील. त्या नणंदेकडे वळल्या. "म्हणजे काढले कशावरून?" नणंदेनं एक्स-रेची चित्रं दाखवली, आधीचं आणि नंतरचं. त्यांनी चष्मा लावून बघितली, आणि चित्र काय कुणाचंही असतं, म्हणाल्या. गावी परतल्यावरही त्यांनी दोघी-तिघींना, "हिला नुसती सलाईन लावली," असं सांगितल्याचं मला कळलं. एका परीनं त्यांचं खरंच होतं. आठवडाभरात मी उठून हिंडत होते. आजारी माणसाला मिळतो तो मान मला मिळालाच नाही. 'लॅप कोले'च्या आधी दोन-तीन दिवस घरी होते, तर पोळ्यांना लागायची वेळ आली. चुलीवर मांस ठेवलेलं नाही तर पाहुण्याला पाहुणचार नाही, तसं टाक्याशिवाय दुखण्याला किंमत नाही.

पिशवी काढायला उशीर करू नका, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. नळी मोकळी झाली तरी पिशवीतले खडे तिथेच असतात. पुन्हा एखादा घसरला की पुन्हा तेच, किंवा स्वादुपिंडाला सूज. बरेच जण कावीळ उतरली की येतच नाहीत, असं ते म्हणाले. मी गेले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, बेंबीपाशी एक आणि वर तीन अशी चार भोकं. सर्जन गप्पिष्ट होते. त्यांच्या तरुणपणी हे सगळं नवीन होतं. जर्मनीत म्युहे यांनी १९८५ साली अशी पहिली शस्त्रक्रिया केली तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना वेड्यात काढलं. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी सुरुवात केली, सरकारी रुग्णालयात, गरिबांवर, हे ते मोठ्या अभिमानानं सांगत होते. मला त्या वेळी उजवा खांदा एवढा दुखत होता की उदवाडियांचं नाव मी नंतर विचारून घेतलं. पोटाला भोकं आणि दुखतो खांदा, हा त्या वायूचा प्रताप. तो छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो आणि कळ खांद्यात जाणवते. चालत राहिलं की एक-दोन दिवसांत जातं.

निघताना सर्जननं बाटली दिली. पिशवीतले खडे, पिवळट तपकिरी, पैलू पडलेले, एकमेकांना घासून झालेले. सासूबाईंनी ती उजेडात धरली, हलवून आवाज ऐकला. "आमच्यावेळचे मोठे होते," म्हणाल्या. पण त्या दिवसापासून मला दुपारी झोपायला मिळायला लागलं. नळीतले दोन खडे, ज्यांनी खरी कावीळ केली, जिवाशी खेळ केला, ते काही बाटलीत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं नाही.

स्टेंटचं मात्र सगळ्यांना सांगत सुटते, कारण तो दिसत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच विसरतो. प्लॅस्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. तीन महिन्यांच्या आत तो काढायचा किंवा बदलायचा असतो. राहिला तर त्यात गाळ भरतो, तो बंद होतो, पुन्हा कावीळ, पुन्हा हुडहुडी, आणि त्याच्याभोवतीच नवे खडे धरतात. आमच्या दवाखान्यात त्यासाठी वही होती आणि डिस्चार्ज कार्डावर लाल शाईनं तारीख लिहिली होती. तरी ओपीडीत बसले असताना मला दौंडकडचे एक गृहस्थ भेटले, त्यांचा दोन-अडीच वर्षं आतच राहिला होता. बरं वाटत होतं, मग कशाला यायचं? आता ताप घेऊन आले होते. डिस्चार्ज कार्ड घरच्यांनी देवघरात ठेवलं होतं म्हणाले.

माझा जूनमध्ये काढला. साधीच दुर्बीण, थोडी भूल, पाच-सात मिनिटं. सकाळी उपाशी जायचं आणि दुपारी घरी. निळ्या रंगाचा तो तुकडा त्यांनी चिमट्यात धरून दाखवला. एक टोक तपकिरी गाळानं भरलं होतं. सासूबाईंसाठी मागून बघितला, पण तो लाल पिशवीत गेला. जैविक कचरा, घरी नेता येत नाही. मग खडे बरे नेता येतात, असं मी म्हटलं, तर सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "ते विचारू नका."

खाण्याचं लोक फार विचारतात. पिशवी गेल्यावर पित्त यकृतातून थेट थेंब थेंब आतड्यात येत राहतं, त्यामुळे एकदम फार तेलकट खाल्लं की मला पहिले काही आठवडे जुलाब व्हायचे. थोडं थोडं करत सगळं सुरू केलं. आंब्याचा मोसम संपता संपता आमरस मिळाला, तूप न घालता. जन्मभर उकडलेलं खा असं मला कुणी डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ते सांगणारे सगळे नातेवाईक. नळीत खडे पुन्हा होऊ शकतात, पिशवी नसतानाही, थोड्या लोकांना. तेव्हा पोटात तशीच कळ, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर गोळ्या घेत बसायचं नाही, थेट यायचं, असं कार्डावर लिहिलंय. कार्ड स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलं आहे. पुढची एलएफटी दिवाळीनंतर.